नेर्गल आणि एरेशकिगल ही प्रेमकथा नाही, गादी बळकावल्याची गोष्ट आहे

मातीची पाटी

गेले कित्येक दिवस मेसोपोटेमियाच्या पाताळाबद्दल हाताला लागेल ते वाचतेय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. नेर्गल हा अक्कादी देव, म्हणजे बॅबिलोन-अश्शूरच्या लोकांचा, मरणाचा, तापाच्या साथींचा, लढाईतल्या कत्तलीचा. त्याचं मूळ ठाणं कूथा नावाचं शहर, आजच्या इराकात बॅबिलोनच्या ईशान्येला, देवळाचं नाव ए-मेस्लाम. आणि एरेशकिगल ही पाताळाची राणी, ती आधीपासून तिथलीच. सुमेरी, म्हणजे तिथल्याच त्याहून जुन्या लोकांच्या कथेत इनान्ना ही प्रेमाची आणि लढाईची देवी खाली उतरते, सात दारांवर एकेक दागिना एकेक वस्त्र काढून देत जाते आणि शेवटी उघडी होऊन जिच्यासमोर उभी राहते ती ही एरेशकिगल, आणि त्या अख्ख्या कथेत तिच्या शेजारी दुसरा कुणी राजा बसलेला नाही.

आता लग्नाची गोष्ट. वर देवांची पंगत बसते. एरेशकिगलला वर येता येत नाही आणि देवांना खाली जाता येत नाही, म्हणून ती आपला वजीर नम्तार याला आपल्या वाटणीचं जेवण आणायला पाठवते. सगळे देव त्याच्यासमोर उठून उभे राहतात, नेर्गल तेवढा उठत नाही. ती भडकते, म्हणते पाठवा त्याला इकडे, मी मारून टाकते. तो जातो, पण एकटा नाही, शहाणपणाचा देव एआ त्याच्याबरोबर चौदा जण देतो, कुणाचं नाव ताप, कुणाचं वीज, तो त्यांना चौदा दारांवर उभं करतो, आत घुसतो, तिला केसाला धरून सिंहासनावरून खाली ओढतो आणि तिचं मुंडकं उडवायला निघतो. मग ती रडत म्हणते मला मारू नकोस भावा, तू माझा नवरा हो, मी तुझी बायको होते, या एवढ्या मोठ्या पाताळाचं राज्य तुला देते, ज्ञानाची पाटी तुझ्या हातात देते. हे ऐकल्यावर तो हात सैल सोडतो, तिचा मुका घेतो, डोळे पुसतो, आणि तिथेच गोष्ट थांबते.

ह्याला जिथे तिथे "पाताळातली प्रेमकथा" म्हणून खपवतात, व्हिडिओत पण तेच, आणि मला ते वाचून प्रत्येक वेळी राग येतो. मानेवर शस्त्र असताना बाई जे बोलते त्याला कुणी होकार म्हणतं का? ती काय काय देऊ करते ते बघा, आधी लग्न, मग राज्य, मग पाटी. ही शरणागतीची यादी आहे. माझं म्हणणं सरळ आहे, एका राणीची गादी एका देवाने बळाने घेतली आणि नंतरच्या लोकांनी त्यावर प्रेमाचा मुलामा चढवला. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, मला खरंच ऐकायचंय.

ऐलतीर

नाही पटलं. तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत.

तुम्ही सांगितलंत ते इजिप्तमधल्या अमार्ना इथे १८८७ मध्ये सापडलेल्या मातीच्या लेखी पाट्यांमधलं, साधारण इ.स.पू. १४व्या शतकातलं व्हर्जन. ते छोटं आहे, धावतं आहे, आणि मुख्य म्हणजे ते मेसोपोटेमियात सापडलेलंच नाही, इजिप्तच्या दरबारातले लेखनिक अक्कादी शिकत होते त्यांच्या अभ्यासातलं आहे. तिथल्या काही साहित्याच्या पाट्यांवर तर शब्द कुठे तुटतो ते कळावं म्हणून लाल शाईचे ठिपके दिलेत, आपण पहिलीच्या पोराला जोडाक्षर फोडून दाखवतो तसे. शाळेच्या वहीतल्या धड्यावरून एका देवाचं अख्खं चारित्र्य ठरवायचं का?

दुसरं व्हर्जन सुलतानतेपेला मिळालं, तुर्कस्तानात उर्फाजवळ, १९५१-५२ च्या उत्खननात, पाट्या इ.स.पू. ७व्या शतकातल्या. ते कितीतरी मोठं आहे आणि त्याची चालच वेगळी आहे. तिथे नेर्गल स्वतः बनवलेली खुर्ची घेऊन खाली जातो. एआने त्याला बजावलेलं असतं की तिथे बस म्हणतील तर बसू नकोस, भाकरी देतील ती खाऊ नकोस, मांस नको, बिअर नको, पाय धुवायला पाणी देतील तेही नको, आणि ती अंघोळीला जाताना तुला तिचं अंग दिसेल तेव्हा तर मुळीच मन घसरू देऊ नकोस. तो सगळं पाळतो आणि शेवटचं तेवढं पाळत नाही. सहा दिवस दोघं एकत्र, सातव्या दिवशी हा तिला सोडून वर पळून जातो.

आणि मग ती जे बोलते ते वाचून मी खरंच गलबलून गेलो होतो. ती आकाशाचा देव अनू याला निरोप पाठवते, की मी लहान होते, कुणाची तरी लेक होते, पण इतर मुलींसारखं खेळणं मला कधी ठाऊकच झालं नाही, पोराटोरांचं बागडणं मी पाहिलं नाही, तुम्ही पाठवलेला तो देव माझ्याजवळ राहिला, त्याला परत पाठवा. नाही पाठवलात तर मेलेल्यांना उठवून वर सोडीन, ते जिवंतांना खातील, मेलेले जिवंतांपेक्षा जास्त होतील. आख्ख्या मेसोपोटेमियाच्या साहित्यात एकटेपणावर इतकं थेट मी तरी दुसरं वाचलं नाही. हिला तुम्ही फक्त लुटलेली राणी म्हणून उभी करताय, म्हणजे तिची स्वतःची इच्छा तुम्हीच पुसून टाकताय.

मातीची पाटी

ऐलतीर, ते लहानपणाचं बोलणं मलाही फार लागलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ती गोष्ट शेवटपर्यंत न्या की. एआ नेर्गलचं रूप बदलतो, टकला, लंगडा, डोळा तिरळा, म्हणजे नम्तारला वर येऊन ओळखता येऊ नये. शेवटी तो परत खाली जातो, सातही दारं ओलांडतो, तिच्यासमोर येऊन हसतो आणि काय करतो? पुन्हा केस धरून सिंहासनावरून खाली ओढतो. मधली सातेकशे वर्षं गेली, भाषा मऊ झाली, शेज आली, तिचं दुःख आलं, पण केसाला धरलेला हात काही कुणी काढला नाही. त्या हातावर माझा सगळा मुद्दा उभा आहे.

आणि ती मेलेल्यांना उठवण्याची धमकी म्हणाल तर इश्तारही, म्हणजे अक्कादी कथेतली इनान्ना, पाताळाच्या दारावर जवळजवळ त्याच शब्दांत देते, गिलगामेशच्या महाकाव्यातही येते, म्हणजे ते ठरलेलं वाक्य आहे, प्रेमाचा पुरावा नाही.

ऐलतीर

ठरलेलं वाक्य असलं म्हणून काय झालं, आपल्याकडे ओवीत ठरलेले शब्द नसतात का, जात्यावरच्या बाईचं दुःख त्यामुळे खोटं होतं का? शब्द सगळ्यांचे असतात, कोण कुठल्या क्षणी म्हणतं त्याला अर्थ असतो. इश्तार दार उघडावं म्हणून धमकी देते, तिला आत घुसायचंय. एरेशकिगल एका माणसासाठी, म्हणजे देवासाठी, सगळी सृष्टी उलटी करायला निघालीये. आणि ही धमकी ती देते तेव्हा तिच्या मानेवर कुणाचाही हात नाही, तो तर वर लपून बसलाय. सत्ता पूर्ण तिच्याकडे आहे आणि तरी ती त्याला मागते.

केस ओढण्याचं मीही समर्थन करत नाही. पण त्यानंतरच्या ओळीत दोघंही आवेगाने शेजेवर जातात असं आहे, दोघंही.

खापरतुकडा

दोघांचंही वाचलं. मला वाटतं तुम्ही देवांना शेजारच्या बिल्डिंगमधल्या नवरा-बायकोसारखं वाचताय आणि त्यामुळे वाद भरकटतोय. थोडा इतिहास बघू.

धागाकर्तीचं म्हणणं असं दिसतंय की आधी राणी एकटी होती आणि मग हा बाहेरचा येऊन बसला. पण उर-नम्मा राजाच्या मृत्यूवर जी सुमेरी रचना आहे ती बघा. उर-नम्मा म्हणजे उर शहराच्या तिसऱ्या राजवंशाचा संस्थापक, इ.स.पू. २१०० च्या आसपासचा. तो मेल्यावर पाताळात जातो आणि तिथल्या एकेका देवाला नजराणे देतो. सगळ्यात आधी कुणाला देतो? नेर्गलला, गदा, धनुष्य, बाण, खंजीर अशी हत्यारं, आणि तिथे नेर्गलला पाताळाचा एन्लिल म्हटलंय, म्हणजे खालच्या जगाचा सर्वोच्च. एरेशकिगलला वेगळे नजराणे. म्हणजे अमार्नाच्या पाटीच्या कितीतरी शतकं आधी दोघंही पाताळात आहेत, आपापल्या मानाने, आणि नवरा-बायको म्हणून नाहीत.

त्याच्या नावाचाच अर्थ बहुतेक अभ्यासक "मोठ्या नगरीचा स्वामी" असा लावतात, मोठी नगरी म्हणजे पाताळ. आणि कूथाच्या देवळात त्याच्या शेजारी बायको म्हणून कोण होती? लास नावाची देवी. एरेशकिगल नाही! ए-मेस्लाममध्ये पूजा व्हायची ती नेर्गल आणि लासची. म्हणजे हे जे लग्न आहे ते देवळातलं नाही, गोष्टीतलं आहे. दोन परंपरा होत्या, एकीत पाताळाचा मालक पुरुष, दुसरीत मालकीण बाई, आणि त्या एकत्र आल्यावर कुणीतरी विचारलंच असणार की मग खरा मालक कोण, त्याचं उत्तर म्हणजे ही कथा. यात कुणी कुणाची गादी मारलेली नाही, दोन देवळांचा हिशोब जुळवलाय. निदान मला तरी असंच दिसतं.

मातीची पाटी

खापरतुकडा, उर-नम्माचा मुद्दा मला माहीत नव्हता आणि तो वजनदार आहे, मान्य. "बाहेरचा येऊन बसला" हे मी मागे घेते. लासबद्दलही धन्यवाद.

पण हिशोब जुळवायचे शंभर मार्ग असतात ना. बहीण-भाऊ करता आलं असतं. अर्धं अर्धं वाटता आलं असतं, वर्षातले काही महिने ती काही महिने तो, त्यांच्याकडे इनान्नाचा नवरा दुमुझी याच्या गोष्टीत तशी वाटणी आहेच, अर्धं वर्ष तो खाली आणि अर्धं त्याची बहीण. दुसरा उपाय त्यांना माहीत होता आणि तरी त्यांनी हिशोब जुळवला तो केस धरून. मी नेमकं त्या निवडीबद्दल बोलतेय.

रात्रपाळी

मी इथे फारशी लिहीत नाही पण या धाग्यावर राहवलं नाही. सगळेजण लग्नावरच बोलताय, नेर्गलला लोक खरंच का घाबरायचे आणि का पुजायचे त्यावर एक शब्द नाही.

मी नर्स आहे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये सलग रात्रपाळ्या केल्या, कुठे ते सांगत नाही. त्यानंतर बरेच महिने मला काही वाचवत नव्हतं, मग कुणीतरी एर्राच्या काव्याचं भाषांतर दिलं. एर्रा म्हणजे नेर्गलचंच दुसरं रूप, साथीचा आणि नासधुशीचा देव. काव्य साधारण इ.स.पू. ८व्या शतकातलं धरतात आणि कवीने स्वतःचं नावही दिलंय, काब्ती-इलानी-मर्दुक, म्हणतो की हे मला रात्री स्वप्नात सांगितलं गेलं आणि सकाळी म्हणताना मी एक ओळ गाळली नाही की एक वाढवली नाही. त्यात एर्रा सुरुवातीला आळसावून पडलेला असतो, त्याची सात हत्यारं, सेबित्ती, त्याला टोचून उठवतात की शहरातली भाकरी कितीही चांगली असली तरी निखाऱ्यावर भाजलेल्या भाकरीची सर तिला नाही, घरी बसून काय खातोस, चल रानात. मग बॅबिलोनचा मुख्य देव मर्दुक आपली जागा सोडतो, एर्राच्या हातात कारभार येतो आणि तो बॅबिलोनची राखरांगोळी करतो. शेवटी त्याचा साथीदार इशूम त्याला समोर उभं करून सांगतो, तू गुन्हेगाराला मारलंस, निरपराधालाही मारलंस, देवाला नीट नैवेद्य दाखवणाऱ्यालाही मारलंस.

ही ओळ वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि खूप वेळ रडले. त्या दोन महिन्यांत प्रत्येक नातेवाईक मला एकच विचारत होता, यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं हो सिस्टर. मला उत्तर देता यायचं नाही. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाने तोच प्रश्न थेट देवाच्या तोंडावर विचारलाय, आणि एर्रा रागवत नाही, तो ऐकतो, शांत होतो, मान्य करतो.

आणि शेवटी लिहिलंय की ज्या घरात ही पाटी असेल तिथे साथीचं शस्त्र शिरणार नाही. लोकांनी ते शब्दशः घेतलं. अश्शूर शहरात सापडलेली अशी एक पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तावीजाच्या आकाराची, वरच्या बाजूला मातीचाच कान काढलाय आणि त्याला आरपार भोक, दोरी ओवून घरात टांगायला. मला ती काव्यापेक्षाही त्या भोकामुळे जवळची वाटते. कुणीतरी माती ओली असताना ते भोक पाडलंय, घरात माणसं असणार, लेकरं असणार. आपल्याकडे पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचे, आमच्या आजीने पाहिलेला, भीती तीच. त्यामुळे माझ्यासाठी नेर्गल म्हणजे कुणाचा नवरा नाही, दाराबाहेर उभी असलेली साथ आहे.

चौथा बाण

रात्रपाळी, तुमचं वाचून गप्प बसावंसं वाटलं, आणि तुम्ही त्या काळात जे केलंत त्यासाठी मनापासून नमस्कार. एक तक्रार मात्र नोंदवतो, एर्रा आणि नेर्गल एकच धरून चालणं बरोबर नाही. दोघं मुळात वेगळे देव, एर्रा हा अक्कादी नावाचा, नंतर एकमेकांत मिसळले. त्या काव्याचा भार नेर्गलवर टाकला तर नेर्गल निव्वळ विध्वंसक होतो. मग युरोपात १९व्या शतकात त्याला सैतानाच्या दरबारातला भूत करून टाकलं, नरकातल्या पोलिसांचा प्रमुख वगैरे, आणि आजच्या गेममध्ये तो शिंगंवाला राक्षस होतो, ते सगळं इथूनच सुरू होतं असं मला वाटतं.

लोकांच्या नावात बघा तो कसा आहे. बॅबिलोनचा राजा नेरिग्लिस्सार, इ.स.पू. ५६० ते ५५६, त्याचं मूळ नाव नेर्गल-शर-उसूर, अर्थ "हे नेर्गला, राजाचं रक्षण कर". बाळाच्या बारशाला कुणी राक्षसाचं नाव घेतं का? ऐलतीरने सांगितलेल्या सुलतानतेपेच्या पाट्या ज्यांच्या संग्रहातल्या, त्या पुरोहिताचं नावही कुर्दी-नेर्गल. संकटात अंगावर घेणारा देव म्हणूनही लोक त्याच्याकडे बघत होते.

रात्रपाळी

मुळात वेगळे होते हे बरोबर. पण काव्यात एर्रा शांत झाल्यावर कुठे जाऊन बसतो? ए-मेस्लाममध्ये. नेर्गलच्याच देवळात. काव्य लिहिणाऱ्याला ते दोघं वेगळे वाटत नव्हते, मग मी कशाला वेगळे करू.

आणि रक्षण करणारा आणि मारणारा एकच असतो यात मला काही विसंगत वाटत नाही. बॅबिलोनचा राजा हामुराबी याच्या कायद्याच्या शेवटी शाप आहेत, हा लेख जो पुसेल त्याच्या प्रजेला नेर्गलने बोरूच्या बेटाला लागलेल्या वणव्यासारखं जाळावं, त्याचे हातपाय मातीच्या बाहुलीसारखे फोडावेत. ज्याच्यात एवढं बळ आहे त्यालाच माणूस म्हणणार ना की बाबा, माझ्या पोराला सांभाळ.

दूरदेशी

थोडं वेगळं लिहितो. २०१८ ला तुर्कस्तानात होतो तेव्हा बोआझकालेला गेलो, तिथल्या प्राचीन हित्ती लोकांची राजधानी हत्तुशा तिथे होती. जवळच याझलकाया म्हणून उघड्यावरचं खडकातलं देवस्थान आहे. मोठ्या दालनात देवांच्या रांगाच रांगा कोरल्यात, पण त्याच्या बाजूला दुसरं अरुंद दालन आहे, खडकाच्या चिरेतून आत जावं लागतं, तोंडाशी सिंहाच्या डोक्याचे पंखवाले दोन रखवालदार. आत उजव्या भिंतीवर बारा देव एकामागून एक पळताहेत, आणि समोर एक तलवार.

म्हणजे देवच तलवार आहे. वर माणसाचं डोकं, टोकदार टोपी, खांद्यांच्या जागी दोन सिंहांची तोंडं दोन बाजूंना, त्याखाली मुठीच्या जागी आणखी दोन सिंह डोकं खाली करून लटकलेले, आणि मग पातं, सरळ खाली, त्याचं टोक दिसतच नाही, खडकात रुतल्यासारखं. माणसापेक्षा कितीतरी उंच. हा पाताळाचा देव, नेर्गल, असं अभ्यासक मानतात, आणि ते दालन हित्ती राजा तुधलिया चौथा याच्या मृत्यूशी जोडलेलं असावं असंही म्हणतात, इ.स.पू. १३व्या शतकातलं काम. आम्ही चारजण होतो, बडबड करत आलेलो, तिथे कुणीच बोलेना. दुपारी ऊन सरकतं तसं पात्याच्या कडेवर सावली बसत जाते, मी बराच वेळ ते बघत उभा होतो.

माझा मुद्दा एवढाच की तिथे एरेशकिगल नाही, पंगत नाही, लग्न नाही. मरण म्हणजे जमिनीत उभं घुसलेलं पातं, बस. अक्कादी मुलखापासून इतक्या लांब तो पोचला तो असा, गोष्टीशिवाय.

आणि एक, इराकातल्या निनवे या जुन्या अश्शूरी शहराला जे दरवाजे होते त्यातल्या एकाला त्याचंच नाव, नेर्गल दरवाजा. तिथले पंखवाले बैल २०१५ मध्ये आयसिसवाल्यांनी ड्रिल मशीनने तोंडं फोडून खराब केले, तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला, परत नाही बघवला.

ऐलतीर

दूरदेशी, जबरदस्त लिहिलंयत.

धागाकर्तीसाठी एक शेवटचं. अमार्नाच्या पाटीच्या शेवटी नेर्गल डोळे पुसताना काहीतरी म्हणतो, की कित्येक महिन्यांपासून तू माझ्याकडे जे मागत होतीस ते आता होऊ दे, असा त्याचा अर्थ लावतात. कित्येक महिन्यांपासून! म्हणजे तुमच्याच पाटीत, तुमच्याच हिंसक व्हर्जनमध्ये, आधीचं काहीतरी आहे. ती त्याला फक्त मारायला बोलावत नव्हती. मला ती ओळ सोडून पुढे जाता येत नाही.

मातीची पाटी

ती ओळ मी पण अनेकदा वाचली. पण ऐलतीर, ती ओळ कोण बोलतं? नेर्गल. ज्याच्या हातात दोन ओळींपूर्वी तिचे केस होते तो सांगतोय की हे तुलाच हवं होतं. तिचं त्यावरचं उत्तर पाटीत नाहीये, पाटी तिथेच संपते.

उर-नम्मामुळे माझं मत थोडं बदललं आणि रात्रपाळींचं वाचल्यावर मी एर्राचं काव्य आजच परत सुरू केलंय. शीर्षकात "अमार्नाच्या पाटीतली" एवढे शब्द जोडावेत अशी संपादकांना विनंती करते, बाकी "बळकावल्याची" हा शब्द राहू दे.